पोस्टरावरचे चेहरे

लातूरच्या फ्लेक्सच्या दुकानात श्रीशैल एचआयव्ही तपासणीची दोन पोस्टरं बनवत होता. एकावर हसरे नवरा-बायको, दुसऱ्यावर दोन पुरुषांच्या नुसत्या काळ्या सावल्या. “मॅडम, ह्यांना चेहरे का न्हाईत?” त्यानं विचारलं. “चेहरा द्यायला कुणी तयार नाही,” संस्थेच्या मंजुश्री मॅडम म्हणाल्या. सहा वर्षं श्रीशैल धम्मानंदसोबत संसार करत होता. घरमालक अमृतरावांना ते फक्त दोस्त म्हणून ठाऊक होते. संध्याकाळी भाकरी थापताना श्रीशैलनं धम्मानंदला पोस्टरचं सगळं सांगितलं. “आपण देऊ चेहरे,” धम्मानंद म्हणाला. “खोली जाईल.” “जाऊ दे. सावली बघून कोण दवाखान्यात जाईल?” दोघांचे चेहरे असलेलं पोस्टर बसस्टँडवर लागलं. तिसऱ्या दिवशी अमृतराव दारात उभे. श्रीशैलनं मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. अमृतरावांनी चपला दाराबाहेर काढल्या. “आमचा धाकटा पोरगा कुणाशीच बोलत न्हाई,” ते म्हणाले. “तुमच्याशी बोलंल का?”