नंदीशचं पिल्लू

नंदीश अपघातात गेला आणि पुण्याच्या खोलीवरून त्याच्या सामानाबरोबर त्याचं कुत्र्याचं पिल्लूही सोलापूरला आलं. त्याला कच्च्या मांसाचीच सवय होती. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा शिजलं नव्हतं, त्या घरातली त्याची आई गौरम्मा आता गळ्यातलं लिंग पदराखाली झाकून रोज सकाळी चिकनच्या दुकानासमोर उभी राहू लागली. घरी येऊन स्वतःच्या हातानं ती तुकडे बारीक करायची. पिल्लू शहाण्यासारखं बसलं की सुकवलेल्या कलेजीचा खाऊही द्यायची.

शेजारची महेश्वरी एकदा न राहवून म्हणाली, "अक्का, लिंगायताच्या घरात हे काय? दूध-भाकरी घाल की त्याला. कुत्रंच हाय ते."

"घातली की. नुसती हुंगतंय आन् तोंड फिरवतंय." गौरम्मानं पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. "लेकरू उपाशी ऱ्हायलं तर माझ्या घशाखाली घास उतरंल का?"



बाहेर अंडं खाऊन आला म्हणून गेल्या दिवाळीत तिनं नंदीशला भरल्या ताटावरून उठवलं होतं, आणि तो तसाच उपाशी पुण्याला निघून गेला होता.