शोभेच्या मिरच्या

माझी बायको सगुणा गेली हे बंगल्यावर कळलं, त्या दिवशी बाईसाहेबांनी बागेतल्या सात मिरच्या स्वतःच्या हाताने तोडल्या.

मी धंतोलीत बॅरिस्टरसाहेबांकडे माळी आहे. कुठल्याशा मडमेच्या बागेत फुलांमध्ये भाजी लावलेली पाहून बाईसाहेबांनाही तसंच हवं झालं. सगुणाने भिवापूरच्या माहेराहून मिरचीचं बी आणलं, रोपं वाढवली. मिरच्या झाडावरच वाळल्या, तरी कोणी हात लावायचा नाही. स्वयंपाकाची मिरची बाजारातून येई. मोठ्या लोकांची बाग ती!

तापात सगुणाच्या तोंडाची चव गेली. म्हणाली, "माह्या हातची एक मिरची आणून द्या न जी, भाकरीसंगं खाईन."

मी बाईसाहेबांना विचारलं.

"नत्थू, उद्या कमिशनरची मडम चहाला येते आहे. ओळ विस्कटेल ना."

ओळ शाबूत राहिली.

आता त्याच बाईसाहेब म्हणाल्या, "तिचा जीव मिरच्यांत अडकला होता. तिचीच दृष्ट लागली असणार बागेला." मीठमोहऱ्यांबरोबर त्या सात मिरच्या झाडांवरून ओवाळून त्यांनी शेगडीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली की जळत्या मिरचीचा ठसका लागत नाही, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

बाईसाहेब खोकून खोकून लाल झाल्या.

मी म्हणालो, "सगुणाची दृष्ट नव्हतीच जी."

"आधी पाणी आण," त्या म्हणाल्या.


सगुणाला भाकरीबरोबर द्यायची ती एक मिरची तोडायची अजून राहिली आहे.