लोणवेल ताप

पेपरात नव्या तापाचं नाव 'लोणवेल ताप' असं छापून आलं आणि आठवड्याच्या आत चेतनाचे होणारे सासरे, शहाद्याचे भिलाआप्पा, साखरपुड्यात मिळालेली टॉवेल-टोपी परत करायला लोणवेलला आले. घरात शिरलेच नाहीत. चेतनाच्या आईने, निर्मलाबाईने, पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला.

“ताई, पोर सोनानी शे तुम्हनी. पन तुम्हना गावना ताप आम्हना घरमा नको.”

निर्मलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आप्पा, साखरपुडाना दिनलेच तुम्हनं आंग तापेल व्हतं. मन्हा घरमा पडनात, मन्हा हातनी पेज पिनात. डॉक्टरले तो ताप पहिले तुम्हना रगतमा सापडना. खाट मन्ही व्हती, म्हनीसन नाव मन्हा गावनं पडनं!”

आप्पांची मान खाली गेली. टॉवेल-टोपी ओट्यावर ठेवून ते निघाले.

“थांबा,” निर्मलाबाई कडाडली. “टॉवेल-टोपी ऱ्हाऊ द्या आठे. ताप तेवढा लई जा, तो तुम्हना शे.”