आठ जोड

हॅलम यांनी आपला स्कीचा उजवा बूट नाश्त्याच्या टेबलावर, लोण्याच्या बशीला लागूनच ठेवला आणि नेरिसला म्हटले, "बाई, हा बूट नव्हे, सांडशी आहे."

लीड्सहून आलेली दोन जोडपी आणि त्यांचे तीन मित्र पावावर मुरंबा लावता लावता हसू आवरत राहिले. हॅलम त्यांच्यातले नव्हते. एक खोली रिकामी राहू नये म्हणून सहल कंपनीने या एकट्या गृहस्थाला त्याच आठवड्यात घातले होते. चार दिवसांत त्यांनी उशीबद्दल, कॉफीबद्दल आणि शेजारच्या घोरण्याबद्दल तक्रार केली होती. डोंगरावरून उतरले की ते वरच्या मजल्यावर जाऊन दार लावून घेत, ते साडेसातच्या जेवणालाच उघडत. मध्ये कोणी दार वाजवलेले त्यांना खपत नसे.

नेरिसने बूट उचलला आणि आधी टेबल पुसले. वेल्समधून येऊन हे शॅले, म्हणजे डोंगरातले लाकडी पाहुणेघर, सांभाळण्याचा तिचा हा पाचवा हिवाळा. बुटांविषयीची कुरकुर तिला नवी नव्हती. जाता जाता म्हाताऱ्या जिलबेरच्या दुकानात बूट ताणून घ्या, असे तिने सुचवले.

"तुमच्या शब्दाखातर जातो," हॅलम म्हणाले. शब्दाखातर जाण्यात जेवढा उपकार भरता येईल तेवढा त्यांनी भरला.

पाहुणे बाहेर पडल्यावर तिने बिछाने आवरले, चार वाजताच्या चहासाठी अक्रोडाचा केक भट्टीत घातला, तो निघाल्यावर बसने खालच्या गावी जाऊन भाजी आणि मासळी आणली. परत येताना, सव्वातीनच्या सुमारास, कानठळ्या बसवणारा नव्हे, पण छातीत उतरणारा एक आवाज झाला. बसमधले सगळे खिडक्यांकडे वळले.

वस्तीच्या वरच्या उत्तर उतारावरचा बर्फाचा थर निम्मा तुटून खाली आला होता. त्या उतारावर एकाच माणसाच्या स्कीची रेघ शिरलेली दिसत होती. बाहेर पडलेली रेघ कोणालाच दिसली नव्हती, पण खाली धुके इतके दाट होते, की न दिसण्याला काही अर्थ नव्हता. थराचा उरलेला अर्धा भाग वर लोंबकळत होता. त्याच्याखाली सात माणसे काठ्या खुपसत शोध घेत होती आणि त्या सातांत एमेरिक होता. मे महिन्यात नेरिसचे त्याच्याशी लग्न व्हायचे होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी अशाच शोधात असताना वरचा थर कोसळला आणि एमेरिकचा थोरला भाऊ लोइक गेला. ज्याला तो शोधत होता तो माणूस त्या वेळी बारमध्ये गरम वाइन पीत बसला होता. तेव्हापासून वस्तीने नियम केला: हिमकडा कोसळला की प्रत्येक शॅलेने बूटखोलीतले जोड मोजून कळवायचे. माणूस बारमध्ये असेल, न्हाणीत असेल, परक्या खोलीत असेल. त्याचे बूट खुंटीवर असले, की तो डोंगरावर नाही.

साडेचारनंतर शोधपथकाचा प्रमुख रेमी याचा फोन आला. "दहा घरांचा आकडा पूर्ण आलाय. तुझं एकटीचं राहिलंय."

"एमेरिक?"

"वरच आहे. भेग रुंदावतेय, नेरिस. पटकन सांग."

ती फोन कानाला लावूनच बूटखोलीत धावली. भिंतीवर आठ खुंट्या होत्या, आतून तापणाऱ्या. आठही खुंट्यांवर जोड होते. सात खुंट्यांखाली पाण्याची थारोळी साचली होती; आठवीखालची फरशी कोरडी होती. बूट पायाला चावत होते, म्हणजे हॅलम केव्हाच परतले असणार. तिने त्यांचे बूट चाचपले. इतरांसारखेच उबदार होते. क्षणभर तिची नजर जिन्याकडे गेली. पण दोन मजले चढून त्या माणसाची बोलणी खायची, आणि बुटांहून अधिक ते दार काय सांगणार होते?

तिने पुन्हा मोजले.

"आठ," ती म्हणाली. "आठही आहेत."

पलीकडे रेमीने श्वास सोडला. "उतरवतो सगळ्यांना."

पाच वाजून दहा मिनिटांनी वरचा अर्धा भाग खाली आला.

साडेसहाला एमेरिक स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला तेव्हा नेरिसने हातातला डाव टाकून त्याच्या ओल्या जाकिटात तोंड खुपसले. मग तिला हसवावे म्हणून त्याने शोधाच्या कुत्रीची गोष्ट काढली. फ्लोक एकाच जागी उकरत बसली होती. हाका मारल्या, दटावले, तरी हलेना. शेवटी पट्ट्याला धरून फरपटत आणावी लागली.

"रेमी म्हणाला, म्हातारी झाली, आता पेन्शन द्या तिला."

नेरिस हसली, आणि हसता हसता तिला रडू आले.

साडेसातला टेबलावर सात जण बसले. आठव्या जागेवरच्या सूपवर साय धरू लागली, तेव्हा लीड्सवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "साहेबांचा पाय अजून सांडशीतून सुटला नसेल." सगळे मोकळेपणाने हसले. त्या दिवशी तरी त्या माणसावाचून कोणाचे काही अडत नव्हते. नेरिसने त्यांच्या वाडग्यावर ताटली झाकली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दुकान बंद करून घरी निघालेला जिलबेर टोपी हातात धरून पायरीवर उभा होता. आत यायला तो तयार नव्हता. बायको जेवायची थांबली होती.

"त्या कटकट्या साहेबांचे बूट ताणून दोन वाजताच तुझ्या खुंटीवर लावून गेलो होतो, पोरी," म्हातारा म्हणाला. "तोवर घालायला दिलेला माझा जोड तेवढा मागून आण."