शेरूचा पट्टा

लांडगा अजून तिथंच होता.

पुंजारामांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कंपनीची बस जालना रोडनं चिकलठाण्याकडं निघाली होती. मांडीवर डब्याची पिशवी, पिशवीवर टॅब. पडद्यावर शेरू पाय पसरून पडलेला, पोट टम्म भरलेलं.

"गोकुळ!" ते पुटपुटले, अन् शेजारच्यानं बघितलं म्हणून उगाच खोकले.

गोकुळ त्यांचा एकुलता एक पोरगा. टॅब त्याचा, टॅबमधला गेम त्याचा, शेरूही त्याचाच. लांडगा असून नाव शेरू, पोराची अक्कल ही अशी! या गेममध्ये जनावर पाळायचं, शिकवायचं, लढाईला सोबत न्यायचं. खाऊ घातलं की शेरू मान वर करून बारीक कुई काढायचा. पण चार दिवस उपाशी ठेवला तर रानात निघून जायचा, तो कायमचा.

याच शेरूपायी घर फुटलं. टॅब येण्याआधी गोकुळ हाच गेम आईच्या मोबाइलवर खेळायचा, तेव्हापासून पुंजारामांची कटकट चालू. मग पोराचा डिप्लोमा बुडाला. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांदेखत पुंजारामांनी तोंड सोडलं.

"खोट्या जनावराला जीव लावतो, अन् खऱ्या बापाची किंमत नाय! चालता हो!"

पोरगं खरंच चालतं झालं. नंबर बदलला. पुण्यात कुठंतरी आहे, एवढंच उडत उडत कळलं. वर पुंजारामांनी बायकोला बजावलं, "या घरात त्याचं नाव काढायचं नाय. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

मंजुषाबाईंनी आण पाळली. अशी पाळली की पुंजारामांचाच जीव गुदमरायला लागला. राग तर महिन्याभरात विरला होता. पण स्वतः घातलेली आण मागं घ्यायची म्हणजे बायकोपुढं नाक खाली! तेवढं काही त्यांना जमलं नाय.

अन् आता दसऱ्याच्या साफसफाईत हा टॅब सापडला. दोन वर्षं झाली. शेरू कधीच रानात जायला पायजे होता. तो इथंच आहे, जेवलेला आहे, म्हणजे दुसऱ्या मोबाइलवरून हेच खातं उघडून कोणीतरी त्याला सांभाळतंय. दुसरं कोण असणार?

तेव्हापासून बसमधला टॅब हा पुंजारामांचा नेम झाला. घरात चुकूनही उघडायचे नाय. आण घालणाऱ्यानंच पोराचा लांडगा खेळवायचा, हे बायकोला दिसलं तर काय तोंड दाखवणार? पण बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी शेरूला हात द्यायला शिकवलं. दुसऱ्या सकाळी बघतात तर शेरू लोळायलाही शिकलेला! पुंजाराम एवढ्या मोठ्यानं हसले की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

"काय चाचा, लॉटरी लागली क्या?"

"त्याहून मोठं लागलं," पुंजाराम म्हणाले.

शेरूच्या गळ्यातल्या पट्ट्यावर चार-पाच शब्द लिहिता येतात, हे त्यांना उशिरा कळलं. लिहायला आणखी दिवस गेले. शेवटी एकदा, डोळ्यांत पाणी आलेलं असताना, त्यांनी लिहून टाकलं: चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर होतं: माझंही चुकलं. कधी भेटायचं?

त्यांनी लिहिलं: रविवारी, जेवायला.

रविवारी सकाळीच ते उस्मानपुऱ्यात जाऊन मटण घेऊन आले, नेहमीपेक्षा दुप्पट. एवढं कशाला, असं बायकोनं विचारलं नाय. बरं झालं, म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पोरगं दारात उभं राहिलं की तिचं तोंड बघण्यासारखं होणार, अन् तोवर काय बी बोलायचं नाय, असं त्यांनी ठरवलं होतं.

मंजुषाबाईही आज काही निराळ्याच होत्या. ठेवणीतली साडी, केसांत अबोलीचा गजरा. भाकरीची चळत बघून पुंजाराम म्हणाले, "आज लई थापल्या?"

"पीठ जास्त मळल्या गेलं," त्या म्हणाल्या अन् तव्याकडं वळल्या.

बारा वाजले. दोन वाजले. पुंडलिकनगरच्या गल्लीत रिक्षा थांबली की दोघंही मान वर करायचे. मंजुषाबाई चार वेळा गॅलरीत जाऊन आल्या.

"कोणाची वाट बघतीस व्हय?"

"छे! भाजीवाला नाय आला अजून. तुम्हाला वाढू का?"

"थांब जरा. भूक नाय."

"मलाही नाय," त्या म्हणाल्या अन् आत गेल्या.

रस्सा गार झाला. पुंजारामांना राहवेना. पोरगं निघालं का नाय? का ऐन वेळी बापाचं तोंड आठवलं त्याला? आठवलं असेल तर त्याचं तरी काय चुकलं! त्यांनी खोलीचं दार लोटलं, अन् आजवर घरात कधी केलं नव्हतं ते केलं. पिशवीतून टॅब काढून गेम उघडला. शेरू भुकेला होता. पट्ट्यावर त्यांचंच लिहिलेलं होतं: रविवारी, जेवायला.

पुढं काही करायच्या आत पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली: 'हे खातं आत्ता दुसऱ्या मोबाइलवर उघडलं आहे.'

पुंजाराम ताडकन उठले. आत्ता! म्हणजे या घडीला पोराचा हात शेरूच्या पाठीवर आहे. चुलीत गेली ती आण अन् चुलीत गेलं ते नाक! त्यांनी दार ढकललं अन् दोन वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेऊन ओरडले, "अगं ऐक, आपला गोकुळ..."

स्वयंपाकघरातून शेरूची बारीक कुई ऐकू आली.