ढोलाचं भोक

"बाबा, बिल्ला वाकडा लागतोय. शपथ मला घ्यायचीय आणि धांदल तुमची उडालीय!"

कवायतीच्या हॉलमागे सामानाची खोली होती. तिथे मिस्त्री लेकीच्या टोपीवर पलटणीचा बिल्ला लावत होते. धंदा सुताराचा, पण अर्धं आयुष्य दर रविवारी या राखीव पलटणीत कवायत करून हवालदार म्हणून बाहेर पडलेले. इथे सगळे असेच. कुणी वकील, कुणी गवंडी, कुणी बसचा ड्रायव्हर. मेजरसाहेब तर सोमवार ते शनिवार लोकांचे दात उपटायचे. कुणालाही बळजबरीनं आणलेलं नाही, सगळे आपखुशीनं आलेले, आणि त्याचा तोरा तर काही विचारू नका.

पण या खेपेला शपथ घेऊन, फोटो काढून घरी जेवायला जायचं नव्हतं. सरहद्दीवरून पलटणीला बोलावणं आलं होतं. सोमवारी निघायचं.

"रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, बाबा," लेक म्हणाली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. कितीही मोडकंतोडकं हाड समोर आलं तरी तिचा चेहरा हलायचा नाही. "पण आज एकदा पलटणीच्या जुन्या ढोलाच्या त्या भोकात बोट घातलं ना, की जाईल भीती. सगळ्यांची जाते म्हणे. लढाईत गोळी ढोलातून आरपार गेली तरी त्या ढोलवाल्यानं वाजवणं थांबवलं नाही. तो नाही घाबरला, मग मी कशाला घाबरू?"

मिस्त्रींच्या हातातली पिन खाली पडली. ते वाकले, पण पिन उचलली नाही.

"ती गोळी नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ते भोक मी पाडलंय. ड्रिलनं." एकदा तोंड उघडलं आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. "ढोलासाठी काचेचं कपाट करत होतो. फळीला खालून भोक पाडताना ड्रिलचं बिट सटकलं ते थेट वर ठेवलेल्या ढोलाच्या लाकडात. माझी पाचावर धारण बसली गं. एवढा जुना ढोल! कडा घासल्या, काळपट पॉलिश फासलं. तेवढ्यात तेव्हाचे मेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. हे काय झालंय, म्हणाले. मी म्हटलं, गोळी लागलेली दिसते, साहेब. गेली थाप तोंडातून. साहेबांनी तीच पुढच्या वर्षी भाषणात घातली. वर एक खिंडीतली लढाई घातली, ढोलवाला घातला. मग कुणीतरी टूम काढली, शपथ घेताना भोकात बोट घालायचं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"लोक टाळ्या वाजवत होते गं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे मिस्त्रींना आपला गणवेश अंगावर सैल झाल्यासारखा वाटला.

"ढोलवाला तरी खरा होता ना?" तिनं विचारलं.

"ढोल खरा आहे," मिस्त्री म्हणाले.

बाहेर बिगूल वाजला. तिनं पिन उचलली, टोपी काढली, बिल्ला स्वतःच लावला.

"तुम्ही शपथ घेतलीत तेव्हा भोक नव्हतं. मग हात कुठे ठेवलात?"

"वर, कातड्यावर. उघडा पंजा."

"मग गेली भीती?"

"आम्हाला कुठे जायचंच नव्हतं, बाळ."

हॉल खचाखच भरला होता. पहिल्या रांगेत जुन्या लोकांच्या खुर्च्या, त्यातल्या एकीवर मिस्त्री. मेजरसाहेबांनी ढोलाची गोष्ट सांगितली. दरवर्षी तिला काही ना काही नवीन फुटायचं; यंदा ढोलवाल्याला घरी वाट बघणारी म्हातारी आई मिळाली. मागे कुणीतरी डोळे पुसले. मिस्त्रींनी बुटांकडे बघितलं.

भरती झालेले एकेक जण पुढे येत होते. भोकात बोट, शपथ, टाळ्या. मग लेक आली. तिनं पंजा उघडला आणि ढोलाच्या कातड्यावर ठेवला.

"बोट," शेजारी उभा असलेला हवालदार पुटपुटला.

ती हलली नाही.

"अगं बोट घाल, पोरी!" आता सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मेजरसाहेबांनी पहिल्या रांगेकडे बघितलं, म्हणजे सरळ मिस्त्रींकडेच. लेकीनंही बघितलं, एकदाच. मग तिनं पंजा होता तिथेच ठेवून शपथ म्हटली, खणखणीत, शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या नाहीत. आपल्या जागी परत जाताना तिचे कान लालबुंद झाले होते.

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं बापाचं नाव घेतलं नव्हतं. सगळ्यांसमोर हसं झालं ते तिचं. आता उठायचं आणि दोन वाक्यं बोलायची, बस. त्यांनी खुर्चीचे हात धरले. छातीवरची पदकं एकमेकांवर वाजली, तेवढीच.

शेजारी निवृत्त सुभेदार बसला होता. एरवी पोस्टमन, भला माणूस. त्यानं मिस्त्रींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाला, "जाऊ द्या, मिस्त्री. मनाला लावून घेऊ नका. गोळीचं भोक बघून घाबरली असेल."

मिस्त्रींनी खुर्चीचे हात सोडले.

"हो ना," ते म्हणाले. "लहानपणापासून भित्रीच आहे ती."