वाघराच्या तोंडाशी

सोनबाने वाघराची जाळी एका अंगाने उचलली आणि आत कोंडलेली मेंढरं ओरडत एकेक बाहेर पडू लागली. समोर उभा राहून त्याचा नातू ऋतिक नावं घेत होता. मोरकानी, भुरी, तिच्यामागं बांडी. एकही चुकलं नाही. धनगराच्या पोराने मेंढरू तोंडावरून ओळखायचं, ही या घरची परीक्षा. सोनबा खूश झाला. "नजर आली पोराची. आता त्या गोळ्या बंद करा, लई गरम पडत्यात," तो सुनेला म्हणाला.

पुष्पाने मात्र ऋतिककडे निरखून बघितलं. मेंढरू दिसायच्या आधीच लेक नाव घेत होता. तो बघत नव्हता, ऐकत होता.

पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. डोळ्यामागच्या नसेतल्या पेशींना ताकद पुरवणारा त्यांचा आतला कारखानाच बिघडलाय. मेलेली पेशी परत येत नाही, पण तग धरून असलेल्या वाचवून परत कामाला लावायच्या तर गोळी चुकवायची नाही, आणि घरात बिडीचा धूर नको. त्या कारखान्याचं इंग्रजी नाव पुष्पा एसटी मंचरला पोचायच्या आत विसरली. हा बिघाड आईकडून येतो, एवढं मात्र तिच्या डोक्यातून गेलं नाही. तिचा भाऊ संपत असाच ऐन पंचविशीत आंधळा झाला होता. तेव्हा सगळ्यांनी देवऋषी केले.

तिने बांगड्या दंडाकडे सरकवून घट्ट धरल्या आणि श्वास रोखून लेकासमोर जाऊन उभी राहिली.

"कोण? गेणभाऊ का?" शेजारचा गडी समजून ऋतिकने विचारलं.

सोनबाच्या हातून जाळी सुटली. मग पोराने खाली मान घालून खरं सांगितलं. "आबा, मला दिसत न्हाई म्हणून तुमी मेंढरं इकायला काढली व्हती. म्हणून केलं."

सोनबाने खिशातला बिडीचा कट्टा ओढ्यात भिरकावला आणि त्या दिवसापासून गोळी तो स्वतःच्या हाताने देऊ लागला. पिंपरी पेंढार गावातली माणसं हसली, पण त्याने कुणाचं ऐकलं नाही.

दसरा गेला, संक्रांत गेली. पुष्पा रोज सकाळी गुपचूप वाघराच्या तोंडाशी जाऊन उभी राही आणि रोज तेच ऐकून परत फिरे. कोण? पुढे पुढे तर ती केवळ सवयीने जाई. आजही चुलीवरची भाकरी उलथून, घाम पदराने पुसत ती तशीच आली आणि उभी राहिली.

ऋतिकने मान जरा तिरकी केली. डोळे बारीक केले. बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला.

"आये, कुकू फिसकाटलंय तुझं."

सोनबा तिथंच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मेंढरं शेजारच्या गव्हात शिरली, पण वळवायला कोणी उठलं नाही. पुष्पाने ते कुंकू दिवसभर तसंच ठेवलं.